सिकोर्स्की, इगॉर इव्हानोविच

(२५ मे १८८९–२६ ऑक्टोबर १९७२). रशियन–अमेरिकन विमान अभियंते. जन्म कीव्ह येथे. १९०९ मध्ये पॅरिसहून २५ अश्वशक्तीचे आंझानी इंजिन आणून त्यांनी हेलिकॉप्टर बांधले. ते उडाले नाही. पुढच्या वर्षीचे दुसरे यान स्वतःचा भार कसाबसा उचली, वैमानिकाचा नाही. हलके आणि तरीही जोरकस इंजिन तेव्हा मिळत नसल्याने ते विमानांकडे वळले. त्यांचे चार इंजिनांचे विमान १९१३ मध्ये उडाले.

रशियन क्रांतीनंतर ते देश सोडून १९१९ मध्ये न्यूयॉर्कला आले. काही काळ निर्वासितांना गणित शिकवून त्यांनी गुजराण केली. १९२३ मध्ये काढलेल्या कंपनीला संगीतकार रखमानिनॉफ यांनी ५,००० डॉलर दिले. पुढे पाण्यावर उतरणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानांमुळे कंपनीचे नाव झाले.

सिकोर्स्कींना हेलिकॉप्टरचे जनक म्हणण्याची प्रथा आहे, ती तितकीशी खरी नाही. जर्मनीचे दोन रोटरांचे ‘एफडब्ल्यू ६१’ १९३६ मध्येच उडाले होते. सिकोर्स्कींचे श्रेय रचनेचे आहे. मुख्य रोटर एका दिशेने फिरू लागला, की यानाचा सांगाडा उलट दिशेने गरगरू पाहतो. दुसरा मोठा रोटर जोडण्याऐवजी त्यांनी शेपटीला छोटा उभा पंखा बसवून ही ओढ थोपवली. पंख्याचा जोर कमीजास्त करून यानाचे तोंडही वळवता येई. ‘व्हीएस-३००’ हे यान १४ सप्टेंबर १९३९ रोजी, दोरांनी बांधलेल्या स्थितीत, काही क्षण जमिनीवरून उचलले गेले. चालक स्वतः पन्नाशीचे सिकोर्स्की होते. दोर सोडून हे यान मे १९४० मध्ये उडाले. सुरुवातीला ते मागे व बाजूला नीट जाई, पुढे मात्र नाही. शेपटीकडील पंखे वारंवार बदलून ही खोड काढावी लागली.

त्यातूनच सैन्यासाठी ‘आर-४’ तयार झाले. एप्रिल १९४४ मध्ये आसामातील लालाघाटच्या तळावरील अशाच एका हेलिकॉप्टरने ब्रह्मदेशात जपानी फळीमागे अडकलेल्या चौघांना वाचवले. उष्ण हवेत इंजिन दमत असल्याने एका खेपेत एकच माणूस उचलता येत होता.

भारतीय हवाई दलाची पहिली हेलिकॉप्टरेही सिकोर्स्की कंपनीचीच, ‘एस-५५’ जातीची होती. १९५४ मध्ये दिल्लीतील पालम तळावर त्यांची तुकडी उभी राहिली. पुढे आलेली सोव्हिएत ‘एमआय-४’ वेगळ्या कारखान्याची असली, तरी मुख्य रोटर आणि शेपटीचा पंखा ही मांडणी तिथेही तीच होती. सिकोर्स्की १९५७ मध्ये निवृत्त झाले. ईस्टन, कनेक्टिकट येथे त्यांचे निधन झाले.