वर्गसमीकरणाची सदसत् मुळे

वास्तव सहगुणकांच्या अ·क्ष² + ब·क्ष + क = ० या समीकरणात विवेचक (ब² − ४·अ·क) ऋण असल्यास मिळणारी मुळे. ती नेहमी अनुबद्ध जोडीनेच येतात. अशा वेळी अ·क्ष² + ब·क्ष + क या राशीचा आलेख क्ष-अक्षाला कुठेही भेटत नाही. मुळे काढताना विवेचकाचे वर्गमूळ घ्यावे लागते; पण ऋण संख्येला वर्गमूळ नसते, असे भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त सांगितले होते. इटलीतील जेरोलामो कार्डानो यांनी १५४५ मध्ये ‘आर्स माग्ना’त ती मर्यादा ओलांडली. १० चे असे दोन भाग करा, की त्यांचा गुणाकार ४० येईल, हे त्यांचे उदाहरण. एक भाग क्ष मानल्यास मिळणाऱ्या क्ष² − १०क्ष + ४० = ० मध्ये वर्ग पूर्ण केल्यास (क्ष − ५)² = −१५; म्हणून भाग ५ + √−१५ आणि ५ − √−१५. बेरीज १०, गुणाकार २५ + १५ = ४०. पडताळा इतका चोख असूनही कार्डानोंना हे उत्तर निरुपयोगी वाटले. अशा संख्यांच्या आकडेमोडीचे नीट नियम राफाएल बोंबेल्ली यांनी १५७२ मध्ये मांडले.