वऱ्हाडच्या वाटेवरचे अन्न



बुलढाणा जिल्ह्यात पाहावयास जावे असे पुष्कळ आहे. लोणारचे उल्कापाताने झालेले सरोवर आहे, सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान आहे, देऊळगावराजा व मेहकर येथील बालाजीची मंदिरे आहेत, आणि शेगाव तर आहेच. या स्थळांची वर्णने करणारे पुष्कळ भेटतात. परंतु तेथे गेलेला मनुष्य दोन प्रहरी जेवला कोठे आणि काय, हे मात्र कोणी सांगत नाही. पोटाचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी चाल नाही. आज तोच थोडासा सांगावयाचा आहे.

आगगाडी येण्यापूर्वीचा प्रवासी जेवण विकत घेत नसे. तो शिधा विकत घेई. धर्मशाळेच्या ओसरीवर किंवा एखाद्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडावी, गावातल्या वाण्याकडून पीठ, डाळ, मीठ-मिरची आणावी आणि आपले आपण शिजवून खावे, हा सामान्य परिपाठ. याचे कारण काटकसर हे नव्हते. अन्न कोणाच्या हातचे, हा प्रश्न अन्न कसे, या प्रश्नाच्या आधी येई. पाण्यात भिजविलेल्या कणकेची पोळी ओवळी होई, दुधात भिजविलेली दशमी मात्र चाले. तळलेल्या जिन्नसांनाही बरीच सवलत असे. प्रवासाच्या फडक्यात दशम्या आणि तळलेले पदार्थच का बांधले जात, याचे उत्तर जिभेत जितके आहे, तितकेच या सोवळ्यात आहे. आणि ज्यांच्या हातचे कोणीच घेत नसे, त्यांना तर पाण्यासाठीसुद्धा विहिरीपासून दूर उभे राहून कोणी ओंजळीत ओतील त्याची वाट पाहावी लागे. चांगल्या जेवणाच्या गोष्टी बोलताना हे विसरून चालावयाचे नाही.

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची आगगाडी भुसावळहून नागपुरास पोहोचली, आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे एकदम मुंबईच्या वाटेवर आली. १८७० साली जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला. तो माणसांच्या सोयीपेक्षा कापसाच्या गाठींच्या सोयीसाठी घातलेला होता, कारण खामगावची कापसाची पेठ त्या काळी फार मोठी होती. गाडीने सर्वांना एका बाकावर बसविले खरे. परंतु फलाटावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा निराळ्या आरोळ्या पुढे कित्येक वर्षे ऐकू येत होत्या. रुळांनी अंतर तोडले, पंगत तोडावयास त्यांना जमले नाही. आणखी एक गोष्ट त्यांना जमली नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात याच सुपीक, काळ्या मातीच्या वऱ्हाडात सरकारला लोकांसाठी अन्नछत्रे चालवावी लागली. ज्या मुलुखाने कापूस पिकवून परदेशच्या गिरण्या चालविल्या, त्याच मुलुखात भाकरी दुर्मिळ झाली.

या दोन तारखांच्या मध्ये, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, शेगावात एक घटना घडल्याची कथा आहे. दासगणूंच्या १९३९ सालच्या ‘गजानन विजय’ ग्रंथामुळे ती घरोघर पोहोचली. एका घरी जेवणावळ उठली होती, उष्ट्या पत्रावळी रस्त्यावर टाकल्या होत्या, आणि एक अनोळखी दिगंबर पुरुष त्यांतील भाताची शिते वेचून खात होता. बंकटलाल नावाच्या तरुणाने त्याला भरलेले ताट आणून दिले, तेव्हा त्याने त्यातील सगळे पदार्थ एकत्र कालवले आणि तसेच खाल्ले. कथेतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. इतिहासाच्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते ते हे की, या संताचे पहिले दर्शन अन्नाच्या संबंधात, तेही टाकलेल्या अन्नाच्या संबंधात होते. १९०८ साली त्यांच्या हयातीतच संस्थान उभे राहिले. १९१० साली त्यांनी समाधी घेतली. आज तेथे महाप्रसादाच्या वेळी हजारो माणसे पंगतीस बसतात. वाढणारे सेवेकरी विनावेतन काम करतात, आणि शेजारी बसलेला कोण, कुठला, हे कोणी विचारीत नाही. जे फलाटाला जमले नाही, ते या पंगतीस जमले. जेवण साधे, गरम आणि स्वच्छ असते. तीर्थक्षेत्रीच्या जेवणाविषयी ज्यांचे मत वाईट झालेले असेल, त्यांनी ते शेगावास जाऊन बदलून घ्यावे.

मौज अशी की, शेगावचे जे नाव आज मुंबई-पुण्याच्या दुकानांच्या पाट्यांवर दिसते, ते या प्रसादामुळे नव्हे, कचोरीमुळे. तिची उत्पत्ती फलाटावरची आहे. फाळणीत पंजाबातून उखडून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनावर ती विकावयास आरंभ केला. मुगाच्या डाळीचे तिखट सारण, वर पातळ पापुद्रा, आणि सोबत मीठ लावलेली तळलेली हिरवी मिरची, एवढाच तिचा संसार. घर गमावलेल्या माणसाने परक्या मुलुखात लावलेली ही चूल आता त्या मुलुखाचीच ओळख झाली आहे. ती घाण्यातून निघाल्यावर लगेच खावी; डब्यात बांधून मुंबईस आणलेली कचोरी ही कचोरीची आठवण असते, कचोरी नव्हे.

परंतु प्रवाशाने एवढ्यावर समाधान मानले, तर तो वऱ्हाडात जेवला असे म्हणता येणार नाही. या मातीचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, पिठले, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची. गजानन महाराजांच्या प्रकटदिनी घराघरांतून नैवेद्य होतो तो याचाच. दूरचे उदाहरण द्यावयाचे तर ग्रीस देशातील सांतोरिनी बेटाचे देता येईल. तेही आपल्या दख्खनसारखेच ज्वालामुखीच्या खडकाचे, पाण्याला महाग. तेथील नामांकित पदार्थ म्हणजे ‘फावा’. आपल्या लाखेच्या डाळीच्या चुलतबहिणीचे घोटलेले, वरून कच्चा कांदा आणि ऑलिव्हचे तेल घातलेले ते एक पिठलेच होय. कोरडवाहू जमीन सगळीकडे माणसाला डाळ आणि कांदाच शिकविते, असे दिसते. फरक एवढाच की, सांतोरिनीला गेलेला प्रवासी फावा मागून घेतो, आणि बुलढाण्यास गेलेला आपला प्रवासी पनीर मागतो.

मागणी नाही म्हणून पिठले-भाकरी मिळत नाही, की मिळत नाही म्हणून मागणी नाही, हा वाद खाणावळवाल्यांशी घालण्यात अर्थ नाही. खरी अडचण शेतात आहे. गेल्या काही दशकांत या जिल्ह्याची ज्वारी सोयाबीनने हटविली. १९९५ साली राज्य सरकारने एका रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली, तेव्हा भाकरी हे गरिबाचे अन्न समजले जात होते. आज तीच ज्वारी पुष्कळदा गव्हापेक्षा महाग पडते, आणि ती थापणारे हातही कमी होत चालले आहेत. हिवाळ्यातील हुरड्याची कणसे पूर्वी वाटसरूला बांधावर फुकट भाजून मिळत. आता हुरडा पार्टीचे दर विचारावे लागतात.

तरी जाणाऱ्याने निराश होऊ नये. शक्य तर पौष-माघात जावे. त्या दिवसांत हुरडा असतो, आणि मलकापुराकडे, खानदेशाच्या शेजाराने, काडांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी मिळते. पूर्णेच्या खोऱ्यात एखाद्या देवस्थानी रोडग्यांचा बेत असला आणि कोणी बोलाविले, तर संकोच करू नये: गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वरण, तूप आणि वांग्याची झणझणीत भाजी यांच्यापुढे कोणत्याही खाणावळीची थाळी फिकी पडते. घाटावर, मेहकर-लोणारच्या बाजूस, रस्त्यावरच्या साध्या खाणावळीत तासभर आधी जाऊन सांगून ठेवावे की, चार भाकऱ्या व पिठले हवे. बहुधा आतून कोणी बाई बाहेर येऊन, हे शहरातले लोक खरेच भाकरी खातील ना, याची खात्री करून घेते. तिखट बेताचे टाका, असेही तेव्हाच सांगावे. ताट समोर आल्यावर सांगून उपयोग नसतो.