आमच्या फियाटचा खरा रंग



मागे इथे कुणीतरी दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचे फोटो टाकले होते. एका फोटोत कोपऱ्यात आमची फियाट उभी होती आणि बऱ्याच जणांनी विचारलं, "ती क्रीम कलरची गाडी आहे का अजून?" आहे. पण क्रीम राहिली नाही. ते कसं झालं ते सांगते, जरा लांबेल.

गाडी 1966 ची फियाट 1100 डिलाइट, मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. आजोबांनी ती 1968 मध्ये सेकंडहँड घेतली. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. 1971 मध्ये आत्या लग्न होऊन इंदूरला गेली आणि पुढच्या वर्षी बाबांनी नोकरीच्या पहिल्या पगारांतून पैसे साठवून गाडीला क्रीम रंग मारून घेतला. आम्हा भावंडांना गाडी क्रीमच माहीत. दर रविवारी बाबा अंगणात तिला पॉलिश करत बसायचे. 2019 मध्ये बाबा गेले, मग गाडी ताडपत्रीखाली गेली.

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते बघून मी ठरवलं, आपलीही उभी करायची. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021 पासून 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, त्याच्या चौकशीसाठी आरसी बुक काढलं. त्यात रंग लिहिलेला, 'ग्रे'. बाबांनी बदल नोंदवलाच नव्हता. इंदूरला फोन केला तर आत्या म्हणाली, "ग्रे कुठली गं? निळी होती. मी चालवायला शिकले तिच्यावर." घरचे जुने फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट.

पाणीगेटला रंगकाम करणारे एक चाचा आहेत. त्यांनी डॅशबोर्डच्या आत टॉर्च मारला, दरवाज्याचं आतलं कापड सोडवलं, मागची नंबरप्लेट उतरवली. जिथे ऊन पोचत नाही आणि दुसऱ्यांदा रंगवणारा आळस करतो, तिथे पहिला रंग सापडतो. मग डिकीच्या झाकणाला आतून पाणी लावत बारीक वॉटर पेपरने गोल गोल घासलं. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उघडी पडली. बाहेर क्रीम, मग करडा सरफेसर, मग एक निळसर राखाडी पट्टा, मग तांबडं रेड ऑक्साइड आणि मधोमध पत्रा. चाचा म्हणाले, "बेन, तडकामां लई आवो." ट्यूबलाइटखाली राखाडी दिसणारा तो रंग उन्हात सरळ निळा दिसला. आरसी लिहिणारा कारकूनही खरा आणि आत्याही खरी.

आपण अजूनही 'गाडीला ड्युको मारला' म्हणतो. हे अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीच्या रंगाचं नाव. 1923 च्या सुमाराला तो आला. त्याआधी गाडीला बग्गीसारखं व्हार्निश लागायचं आणि वाळायला आठवडे जायचे. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 फक्त काळी मिळायची. ड्युको म्हणजे नायट्रोसेल्युलोज, कापूस नायट्रिक अॅसिडमधून काढून केलेला. तो तासांत वाळायचा, म्हणून रंगीबेरंगी गाड्या झपाट्याने निघू लागल्या. आज गनमधून उडतो तो टू-पॅक पॉलियुरेथेन, पण आपल्याकडे कपाटालासुद्धा ड्युकोच मारतात! जुन्या रंगांतली काही रंगद्रव्यं, विशेषतः शिशाची, आता वापरत नाहीत. त्यामुळे नुसता 'तोच रंग द्या' म्हणून भागत नाही.

हे मला पैसे घालवून कळलं. आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरने शेड काढून घेतली. दुकानात नमुना हुबेहूब जुळला, अंगणात आणला तर जांभळट. रंगद्रव्यं वेगळी असली की एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फुटतात. शिवाय मशीन ठेवलं होतं ते उन्हाने मेलेल्या भागावर, पॉलिशही न करता.

चाचांनी पांढरा, काळा, निळा आणि चिमूटभर पिवळी माती घेऊन पत्र्याच्या पट्ट्या रंगवल्या. ब्रशने नाही, गननेच, कारण फवारलेला रंग वेगळा दिसतो. प्रत्येक पट्टी पूर्ण वाळवून मग उन्हात. नऊ पट्ट्या झाल्या. शेवटच्या दोनांवर आम्ही अडलो. एक डॅशबोर्डखालच्या रंगाशी तंतोतंत, पण किंचित हिरवट. दुसरी जरा जास्त निळी. जुना ड्युको अंधारातही पिवळा पडतो, आणि निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं. म्हणजे जुळलेली पट्टी आजच्या रंगाशी जुळली होती, 1966 च्या रंगाशी नाही.

दिवाळीत आत्या आली. तिला काही न सांगता दोन्ही पट्ट्या ओट्यावर ठेवल्या. तिने निळी उचलली.

इथवर सगळं रंगाचं झालं. पण आई गप्प होती. शेवटी म्हणाली, "वन्सं, तुम्ही गाडी निळी पाहिलीत तीन वर्षं. मी पन्नास वर्षं क्रीम पुसली. ह्यांचा रंग खरवडून काढायचा, आणि त्याला मूळ म्हणायचं?" आत्याला उत्तर सुचलं नाही, मलाही नाही. दोन महिने काम थांबवलं. तुम्ही म्हणाल क्रीमच मारायची. माझ्या मनातही ते आलं होतं. पण नवा क्रीम मारला असता तरी तो बाबांचा नसता, त्यांचा थर पत्रा दुरुस्त करताना जाणारच होता.

मग आईलाच विचारून ठरवलं. गाडी बाहेरून निळी केली, पण डिकीच्या झाकणाची आतली बाजू तशीच ठेवली, ती वर्तुळं आणि भोवतीचा बाबांचा क्रीम. चाचांनी तिथे कागद चिकटवून गन चालवली. आई रविवारी कापड घेऊन डिकी उघडते. बाहेरचं पॉलिश माझ्याकडे.

एक विनंती. 1966 ते 72 मधला बडोद्यातला रंगीत फोटो किंवा स्लाइड कुणाकडे असेल आणि त्यात निळसर फियाट दिसत असेल, तर कृपया इथे टाका. आत्या आता खात्रीने सांगते की छत पांढरं होतं. चाचा म्हणतात, शक्यच नाही.