अनोळखी माणसाचा जामीन

दोन मोटारींची टक्कर झाली, मडगार्ड चेपले, दिवा फुटला, आणि ज्याची चूक होती त्याच्या विम्याची मुदत महिन्यापूर्वीच संपलेली निघाली, तर पुढे काय होते हे शहरात राहणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेले असते. बघ्यांपैकी एखादा वडीलधारा गृहस्थ पुढे होतो आणि म्हणतो, “कशाला कोर्टकचेरी? आपसात मिटवून टाका.” गॅरेजवाल्याला विचारून खर्चाचा अंदाज घेतला जातो, निम्मे पैसे रोख दिले जातात, उरलेले पहिल्या तारखेला देण्याचे ठरते. पहिली तारीख येते आणि निघून जाते. पैसे काही येत नाहीत. या साध्या व्यवहारामागे एक जुना प्रश्न दडलेला आहे. नुकसान भरून देण्याचा शब्द दिला गेला खरा, पण त्या शब्दाला जामीन कोण? रस्त्यावरील अपघातांच्या भरपाईचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे बहुतांशी या एका प्रश्नाच्या उत्तराचा शोध होय.

वाहनामुळे होणाऱ्या हानीचा विचार मोटारीबरोबर जन्माला आलेला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांविषयी स्वतंत्र नियम आहेत. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, अथवा हाकणाऱ्याने बाजूला होण्याविषयी ओरडून सांगितले होते, अशा दहा प्रसंगी दंड नसावा असे तेथे म्हटले आहे. गाडीवान अकुशल असल्यामुळे हानी झाली तर दंड मालकाला. गाडीवान कुशल असेल तर दंड त्याला. त्याच अध्यायात आणखी एक नियम आहे. दुसऱ्याच्या वस्तूचे नुकसान, जाणून असो वा नकळत, ज्याने केले त्याने त्या वस्तूच्या मालकाचे समाधान करावे आणि तितकाच दंड राजाला द्यावा. म्हणजे एकाच नुकसानीतून दोन देणी निर्माण होतात हे त्या काळीही ओळखले गेले होते. एक देणे ज्याचे नुकसान झाले त्याचे, दुसरे साऱ्या समाजाचे. पहिले देणे घेणाऱ्याने सोडून दिले तर प्रश्न मिटतो; दुसरे सोडण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

मराठी राज्यात तंटे मिटविण्याचे मुख्य साधन पंचायत हे होते. १८१८ साली पेशवाई संपल्यावर या प्रदेशाची व्यवस्था लावणाऱ्या माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात ही गोष्ट नमूद केली आहे आणि पंचायतीचे दोषही सांगितले आहेत. पंचायतीपुढे वाद नेताना दोन्ही पक्षांना राजीनामा लिहून द्यावा लागे. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडण्याचा अर्ज असा झाला आहे. त्या काळी तो पंचांचा निर्णय मान्य करण्याचा लेखी होकार होता. पण केवळ होकारावर काम भागत नसे. निर्णयाप्रमाणे वागण्याबद्दल जामीनही द्यावा लागे. हा जामीन गावातला असे, त्याचे घर आणि शेत सर्वांना ठाऊक असे, आणि ज्याच्यासाठी तो उभा राहिला त्याने शब्द मोडला तर गावाचे बोट जामिनाकडे वळे. आपसातील तडजोड टिकत असे ती या बंधनामुळे. वादी, प्रतिवादी, पंच आणि जामीन हे सारे उद्याही एकाच पाणवठ्यावर भेटणार होते.

वेगवान वाहनाने नेमकी हीच परिस्थिती बदलली. त्याने अनोळखी माणसांना एकमेकांवर आदळविले. याचा पहिला मोठा अनुभव इंग्लंडला आला. १८०८ साली तेथे बेकर विरुद्ध बोल्टन हा दावा चालला. प्रवासी घोडागाडी उलटून एका दांपत्याला दुखापत झाली होती आणि पत्नी सुमारे महिन्याभराने मरण पावली. न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी असा निर्णय दिला की पत्नीच्या सहवासाला पती मुकला त्याची भरपाई तिच्या मृत्यूच्या क्षणापर्यंतचीच मिळेल. माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात भरपाई मागण्याजोगी हानी नव्हे. या नियमाचा परिणाम विपरीत होता. एखाद्याचा पाय मोडला तर गाडीमालकाला पैसे मोजावे लागत, पण तो प्राणास मुकला तर त्याच्या कुटुंबाला काहीच मिळत नसे.

इंग्लंडात याच्या जोडीला मध्ययुगापासून चालत आलेली एक विचित्र प्रथा होती. ज्या वस्तूमुळे मृत्यू ओढवला ती वस्तू, मग ते गाडीचे चाक असो वा घोडा, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा होई. तिला डिओडँड म्हणत. आगगाड्या सुरू झाल्यावर मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी इंजिनांवरही मोठमोठ्या रकमा बसविण्यास आरंभ केला आणि रेल्वे कंपन्या अस्वस्थ झाल्या. शेवटी १८४६ साली ही प्रथा रद्द झाली आणि त्याच वर्षी लॉर्ड कँबेल यांच्या पुढाकाराने मृताच्या कुटुंबीयांना भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला. नऊ वर्षांनी, १८५५ साली, तशाच स्वरूपाचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात करण्यात आला. पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांना कमावत्या माणसाच्या मृत्यूबद्दल दाद मागण्याचा मार्ग त्याने खुला केला.

हक्क मिळाला, पण जामीन मिळाला नाही. रेल्वे कंपनीविरुद्ध हुकूमनामा मिळाला तर ती पैसे देऊ शकत असे. मोटार आली आणि हे गणित बदलले. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीने पादचाऱ्याचा घेतलेला हा पहिला बळी समजला जातो. चौकशीत तो मृत्यू अपघाती ठरला आणि चालकावर खटला झाला नाही. मुंबईच्या रस्त्यांवर मोटार आली ती १८९८ च्या सुमारास. तिच्या पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा यांची गणना होते. तेव्हा मोटार ठेवणारा माणूस श्रीमंत असे. पुढे टॅक्स्या आल्या, बस आणि ट्रक आले. कर्ज काढून घेतलेली एकच गाडी हीच ज्याची सारी मालमत्ता, असे मालकही रस्त्यावर आले. १९१४ च्या मोटार कायद्याने नोंदणी आणि चालकाचा परवाना यांची व्यवस्था केली, पण विम्याची सक्ती केली नाही. जखमी माणसाच्या हाती हुकूमनामा येई. तो बजावावा कशावर, हा प्रश्न उरे.

याचे उत्तर अमेरिकेत प्रथम मॅसॅच्युसेट्स राज्याने शोधले. तेथे १९२५ साली कायदा झाला आणि १९२७ च्या आरंभापासून विम्याशिवाय मोटारीची नोंदणी बंद झाली. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने तिऱ्हाईताच्या दुखापतीबद्दल विमा सक्तीचा केला. तरीही विम्याशिवाय गाडी हाकणारे राहिलेच. त्यांच्या बळींना भरपाई मिळावी म्हणून १९४६ साली तेथील विमा कंपन्यांना एकत्र येऊन एक स्वतंत्र मंडळ स्थापन करावे लागले.

हिंदुस्थानात १९३६-३७ साली मोटार विम्याच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यात आली आणि १९३९ च्या कायद्यात सक्तीच्या विम्याचे आठवे प्रकरण घालण्यात आले. मात्र हे प्रकरण प्रत्यक्ष अमलात आले ते १ जुलै १९४६ रोजी. मधल्या सात वर्षांत ज्यांना धडक बसली त्यांचे भवितव्य धडक देणाऱ्याच्या खिशावर अवलंबून राहिले. संस्थानांतील व्यवस्था निराळी होती. संस्थाने विलीन झाल्यावर, आणि १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर, हाच केंद्रीय कायदा क्रमाने तेथेही आला. दिवाणी दाव्याचा खर्च आणि विलंब गरिबाला झेपत नाही हे ध्यानात घेऊन १९५६ च्या दुरुस्तीने दावा प्राधिकरणांची तरतूद केली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सक्तीच्या विम्याने आरंभी माणसाच्या शरीराचा विचार केला, पत्र्याचा नव्हे. भारतात तिऱ्हाईताच्या मालमत्तेच्या नुकसानीचा समावेश १९६९ च्या दुरुस्तीने झाला, आणि तोही अवघ्या २,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंत. १९८८ च्या कायद्यात ही मर्यादा ६,००० रुपये होती. चेपलेल्या पत्र्याचा प्रश्न दोन शहाणी माणसे आपसात सोडवू शकतील; मोडलेल्या मणक्याचा प्रश्न मात्र रस्त्याच्या कडेला सुटणार नाही, असाच या क्रमाचा अर्थ लावता येतो.

पुढील दुरुस्त्याही त्याच दिशेने गेल्या. १९८२ साली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची तरतूद झाली. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, एप्रिल २०२२ पासून, अशा भरपाईची रक्कम मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये झाली. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या बळींसाठीही त्याच वेळी अनुक्रमे २ लाख आणि ५०,००० रुपये ठरविण्यात आले. विमा नसेल तर हे देणे नाहीसे होत नाही; ते मालकाच्या माथी बसते. विम्याशिवाय वाहन चालविल्याबद्दल पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, ही शिक्षा निराळीच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका प्रकरणात राज्यांना आपल्या नियमांत बदल करण्यास सांगितले. ज्या वाहनाचा विमा नाही आणि ज्याच्या अपघातात मृत्यू, दुखापत वा नुकसान झाले आहे, ते वाहन मालकाने पुरेसे तारण दिल्याखेरीज सोडू नये. तारण न मिळाल्यास तीन महिन्यांनंतर त्याचा लिलाव करून रक्कम दावा प्राधिकरणाकडे जमा करावी, असा हा नियम. १८४६ साली इंग्लंडने टाकून दिलेली डिओडँडची कल्पना येथे सुधारलेल्या रूपाने परतलेली दिसते. हानी करणारी वस्तूच पुन्हा जबाबदार धरली गेली. फरक एवढाच की तेव्हा पैसे राजाकडे जात. आता ते जखमी माणसाकडे किंवा मृताच्या घरच्यांकडे जाण्यासाठी राखले जातात.

मग आपसातील तडजोडीला काही स्थान उरते काय? अवश्य उरते. कोणाला इजा नाही, नुकसान केवळ वाहनाचे आहे, आणि दोघांचे एकमत आहे, अशा ठिकाणी ती सरळ आणि स्वस्त असते. पण पंचायतीचा धडा विसरता कामा नये. तारीख, स्थळ, वाहनांचे क्रमांक, कोणते नुकसान, किती रक्कम, किती मिळाली आणि किती कधी मिळणार, हे कागदावर यावे. दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या व्हाव्यात. शक्य तो सारी रक्कम एकदम घ्यावी, कारण उधारीची तडजोड म्हणजे जामिनाशिवायचा राजीनामा. ज्याचे नुकसान झाले त्याचा स्वतःचा विमा असेल तर त्याने आधी कंपनीला कळवावे. परस्पर केलेल्या कराराने त्याचाच दावा अडचणीत येऊ शकतो. अपघाताची माहिती पोलिसांना चोवीस तासांच्या आत देण्याचे चालकाचे कायदेशीर कर्तव्यही आपसात मिटले म्हणून संपत नाही.

जेथे माणसाला मार लागला आहे तेथे मात्र हात आखडावा. डोक्याला लागलेला मार पहिल्या दिवशी दिसत नाही. १८०८ च्या त्या खटल्यातील स्त्रीही महिन्याभराने दगावली होती. पाच हजार रुपये घेऊन ‘काही तक्रार नाही’ असे लिहून देणारा मजूर पुढील कित्येक वर्षांच्या कमाईवर पाणी सोडत असतो. अपघातात मृत्यू घडविण्याचा गुन्हा तर कायद्याने तडजोडीस पात्रच नाही, आणि पैसे घेऊन असा खटला दडपण्याचा करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे निरर्थक ठरतो. ते दुसरे देणे, समाजाचे देणे, येथे आड येते.

गरिबाला तडजोडच हवी असेल तर त्यासाठी लोकअदालतीचा मार्ग आहे. १९८७ च्या कायद्याने तिला अधिष्ठान दिले आणि १९९५ पासून तो कायदा अमलात आहे. तेथे मोटार अपघातांचे असंख्य दावे परस्परसंमतीने मिटतात. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते; शब्द पाळला गेला नाही तर वसुली करता येते. ही पंचायतच आहे, आणि तिच्या पाठीशी न्यायालय जामीन म्हणून उभे आहे.

विम्याच्या हप्त्याकडे लोक बहुधा सरकारने लादलेला एक खर्च म्हणून पाहतात आणि नूतनीकरण पुढे ढकलतात. वस्तुतः तो हप्ता स्वतःच्या वाहनासाठी नसतो. ज्याचे नाव ठाऊक नाही, ज्याचे गाव ठाऊक नाही, अशा कोणा पादचाऱ्याला आगाऊ दिलेले ते वचन असते. एकेकाळी गावातला जामीन ओळखीच्या माणसासाठी उभा राहत असे. ते विमापत्र अनोळखी माणसासाठी उभे राहते. त्याची मुदत संपते तेव्हा कागद जुना होतो एवढेच नव्हे. रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा जामीन निघून गेलेला असतो, आणि त्याला ते ठाऊकही नसते.