अर्धी शाल, अर्धी लोकर

गेले दोन वीकेंड जाळीच्या त्रिकोणी शालीमागे लागलोय. विणायला नाही हो, तिचा इतिहास वाचायला!

विणीचं गणित सोपं आहे. तीन-चार टाक्यांनी सुरुवात. मग प्रत्येक सुलट ओळीत चार टाके वाढवायचे, दोन कडांना आणि दोन मधल्या टाक्याच्या आजूबाजूला. सुईवर लोकरीचा एक वेढा जास्त घेतला की टाका वाढतो आणि तिथे भोक राहतं. नक्षी म्हणजे ही भोकंच. गंमत अशी, की ओळी लांबत जातात, त्यामुळे शंभर ओळींच्या शालीत एकाहत्तराव्या ओळीला कुठे निम्मी लोकर संपते. (आमच्या प्रोजेक्टचंही असंच असतं. 'सत्तर टक्के झालं' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.)

असल्या विणीसाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडची शेटलंड बेटं प्रसिद्ध. शाल इतकी तलम, की अंगठीतून ओढून काढावी. बहुधा चौकोनी विणायची आणि दुमडून त्रिकोणी पांघरायची. निम्मीच विणली तर लोकरही निम्मी. १८३७ मध्ये आर्थर अँडरसन या शेटलंडच्याच माणसाने राणी व्हिक्टोरियाला तिथले विणलेले पायमोजे भेट दिले आणि त्या विणकामाचं नाव झालं. हाच अँडरसन पी अँड ओ कंपनीचा एक संस्थापक. तिच्याच बोटींनी पुढे आपली मंडळी मुंबईहून विलायतेला जायची.

पण विणणारीला काय मिळालं? १८७२ चा सरकारी चौकशी अहवाल वाचवत नाही. दुकानदार शालीचे रोख पैसे देतच नसत. चहा घ्या, कापड घ्या. घरात पीठ हवं असेल तर बाईने तो चहा कुणाला तरी देऊन पीठ मिळवायचं.

इथे मला पिंगळी आठवलं. परभणीहून पूर्णेकडे जाताना लागणारं स्टेशन. तिथल्या उन्हात लोकर कोण पांघरणार म्हणा! पण हा पट्टा गावरानी कापसाचा. निजामाच्या राज्यात 'हैदराबाद गावरानी'ला बाजारात मान होता, कारण त्याचं सूत बारीक निघे. शेटलंडची बाई निदान स्वतः कातून विणत तरी होती. इथला कापूस गाठी बांधून गिरण्यांना गेला, बारीक सुताचे पैसे तिकडेच झाले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि देशी वाण आणखी मागे पडलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने मात्र लांब धाग्याच्या देशी जाती काढल्या आहेत.

असो. कुणाला विणायचीच असेल तर बारीक सुती दोरा घ्या. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, धुऊन टाचण्यांनी ताणली तरी जाळी थोडी मिटते. म्हणून सुई जरा जाड घ्या.