एचआयव्ही : औषधे पुढे गेली, भीती मागेच राहिली

भारतात एचआयव्हीची लागण १९८६ साली मद्रासमध्ये पहिल्यांदा आढळली. पुढे सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही आला. जुना मुंबई-पुणे महामार्ग लोणावळा, कामशेत, वडगाव असा आपल्या मावळातूनच जातो. त्यामुळे ‘हा ट्रकवाल्यांचा आजार, वाईट चालीचा आजार’ ही समजूत इथेही घट्ट बसली. तेव्हा हाताशी औषध नव्हते, म्हणून प्रचाराचा भर घाबरवण्यावर होता. लागण कशी होते हे लोकांना कळले. बाधित माणसाशी कसे वागावे हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही.

१९९२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, भोसरीला, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (नारी) सुरू झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकार एआरटीची औषधे मोफत देऊ लागले. पण सुरुवातीला सीडी-४ पेशी बऱ्याच घटल्यावरच ती मिळत.

मग नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यात एकच जण बाधित होता. पुण्यातली जोडपीही त्यात होती. २०११ मध्ये दिसले, की बाधित जोडीदाराला लवकर औषध दिल्यास त्याच्याकडून होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. २०१७ पासून भारतात सीडी-४ कितीही असो, निदान होताच उपचार सुरू करतात. नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

इतके होऊनही ‘ओळखीचे कोणी भेटेल’ म्हणून जवळचे केंद्र टाळून लोकलने दूर औषधाला जाणारे रुग्ण आहेत. एखाद्या महिन्यात मजुरी बुडवणे जमत नाही, डोस चुकतात. घरात कोणी विचारेल म्हणून गोळी लपवावी लागते, तीही राहून जाते. विषाणू पुन्हा वाढतो, कधी औषधालाच दाद देईनासा होतो. म्हणजे शेजाऱ्यांची कुजबुज थेट रुग्णाच्या रक्तापर्यंत पोहोचते.

२०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना कुठेही भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी किंवा वाच्यताही करता येत नाही. शंका असेल तर १०९७ वर मोफत विचारा. आणि शेजारी कोणी रोज एक गोळी घेत असेल, तर ‘कशाची?’ म्हणून खोदून विचारू नका.