अतिमानवाचें मूळ गांव

कुंतीनें नदींत सोडलेल्या पेटीची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. ती पेटी अधिरथ सारथ्याच्या हातीं लागते, राधा त्या मुलाला पदराखालीं घेते, आणि पुढें त्यानें कितीही पराक्रम केला तरी ‘तूं कोणाचा?’ हा प्रश्न कर्णाचा पिच्छा सोडीत नाहीं. आज मला आपणांशीं अशाच दुसऱ्या एका पेटीविषयीं बोलावयाचें आहे. ही पेटी नदींतून न येतां आकाशांतून आली. नाश पावणाऱ्या एका ग्रहावरील मातापित्यांनीं आपलें तान्हें मूल तींत घालून तिला अवकाशांत सोडली. तें मूल अमेरिकेच्या भूमीवर उतरलें, आणि पुढें तांबडा झगा पाठीवर सोडून जगभरच्या चित्रपटगृहांतून उडूं लागलें. सुपरमॅन तो हाच.

ह्या अतिमानवी वीरांच्या चित्रपटांविषयीं सुशिक्षित घरांत दोन मतें आढळतात. एक मत असें कीं, हा सारा पोरखेळ आहे, त्यांत अर्थ पाहण्याजोगें कांहीं नाहीं. दुसऱ्या मताचे लोक प्रत्येक रंगांत, प्रत्येक नांवांत गूढ संकेत शोधीत बसतात. मला वाटतें, दोघेही इतिहासाला विसरतात. एखाद्या चिन्हाचा अर्थ पाहावयाचा असेल तर तें कोणीं काढलें, केव्हां काढलें, आणि पुढें कोणाकोणाच्या हातीं गेलें, हें आधीं पाहिलें पाहिजे. तसें पाहूं गेल्यास ह्या उडत्या वीराच्या कथेंत दडलेली गोष्ट फार जमिनीवरची आहे. ती घर सुटलेल्या मुलाची गोष्ट आहे, आणि त्याला घरांत घेणाऱ्या माणसांचीही आहे.

सुपरमॅनचे जनक दोन तरुण होते, जेरी सीगेल आणि जो शुस्टर. दोघांचाही जन्म १९१४ सालचा, दोघेही ज्यू, आणि दोघांचींही घराणीं पूर्व युरोपांतून व हॉलंडांतून पोटासाठीं व सुरक्षिततेसाठीं बाहेर पडलेलीं. सीगेलचे आईबाप लिथुआनियांतून आलेले. शुस्टरचे वडील रॉटरडॅमचे व आई कीव्हची. त्याचा स्वतःचा जन्म कॅनडांत टोरांटो येथें झाला, आणि पुढें तें कुटुंब अमेरिकेंत क्लीव्हलंड शहरीं येऊन राहिलें. तेथल्या ग्लेनव्हिल हायस्कुलांत ह्या दोघां लाजाळू मुलांची गांठ पडली. जेरीनें लिहावें व जोनें चित्र काढावें, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

१९३२ च्या जूनमध्यें जेरीच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानांत चोर शिरले, आणि त्या झटापटींत वडील कोसळून मृत्यू पावले. पुढच्याच वर्षीं ह्या मुलांनीं ‘सुपरमॅन’ नांवाचें पहिलें पात्र निर्माण केलें. पण नवल असें कीं, तो सुपरमॅन दुष्ट होता, मनाच्या अमर्याद शक्तीनें जगावर सत्ता गाजवूं पाहणारा होता. सामर्थ्य म्हणजे जुलूम, हेंच त्या काळचें जग त्या मुलांना दाखवीत होतें. त्याच १९३३ सालीं जर्मनींत हिटलरच्या हातीं राज्य गेलें. त्यानंतर त्यांनीं तें चित्र पुसलें आणि दुबळ्यांच्या पाठीशीं उभा राहणारा, गोळ्या अंगावरून परतविणारा दुसरा सुपरमॅन काढला. कित्येक वर्षें तो कोणी छापीना. अखेर जून १९३८ ही तारीख असलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकांत तो प्रसिद्ध झाला. अंकाची किंमत होती दहा सेंट, आणि त्या पात्रावरील सर्व हक्कांबद्दल दोघां मित्रांना मिळून मिळाले १३० डॉलर.

आतां ह्या वीराचा संसार पाहा. त्याला दोन नांवें आहेत. घरचें नांव नष्ट झालेल्या ग्रहाच्या भाषेंतलें. बाहेरचें नांव क्लार्क केंट, कोणालाही खटकणार नाहीं असें. दिवसा तो चष्मा लावून, खांदे पाडून, वर्तमानपत्राच्या कचेरींत काम करतो, आणि आपलें खरें रूप सहकाऱ्यांपासून लपवितो. आपणांस हें केवळ कथेचें कौशल्य वाटेल. पण ह्या चित्रकथा काढणाऱ्या तरुणांकडे पाहिलें म्हणजे ह्या दुहेरी नांवाचा उलगडा होतो. ‘बॅटमॅन’च्या मुखपृष्ठावर झळकणारा बॉब केन जन्मतः रॉबर्ट कान होता. ‘कॅप्टन अमेरिका’चा चित्रकार जॅक कर्बी हा जेकब कुर्ट्झबर्ग, आणि पुढें जगप्रसिद्ध झालेला स्टॅन ली हा स्टॅन्ली लीबर. ज्यू नांवामुळें नोकरीचें दार बंद होण्याचे ते दिवस होते. म्हणून दोन नांवांनीं जगणें ही त्या वस्त्यांतली नित्याची रीत होती. वीराचा मुखवटा तिच्यांतूनच आला.

त्याहून हृदयाला भिडणारी गोष्ट पुढेंच आहे. १९३८ च्या पहिल्या कथेंत ह्या मुलाला आईबाप मिळत नाहींत. रस्त्यानें जाणारा एक मोटारवाला त्याला उचलून अनाथालयांत पोंचवितो, इतकेंच. केंट हें वृद्ध दांपत्य आलें तें १९३९ च्या उन्हाळ्यांत, सुपरमॅनच्या स्वतंत्र अंकांत. हीं दोघें त्याला अनाथालयांत सोडून जातात खरीं, पण मन राहवेना म्हणून परत येतात आणि त्याला आपला करून घेतात. त्याच उन्हाळ्यांत प्रत्यक्ष जगांत काय चाललें होतें? जर्मनींतून निघालेल्या नऊशेंहून अधिक ज्यू निर्वासितांना घेऊन ‘सेंट लुइस’ नांवाचें जहाज क्यूबाच्या व अमेरिकेच्या किनाऱ्यापाशीं घिरट्या घालीत होतें. त्याला उतरूं दिलें नाहीं. जहाज युरोपांत परत गेलें, आणि त्यांतील अडीचशेंवर माणसें पुढें नाझींच्या संहारांत बळी पडलीं. १९२४ च्या कायद्यानें पूर्व व दक्षिण युरोपांतील लोकांना अमेरिकेचें दार पूर्वींच जवळजवळ लावून घेतलें होतें. जर्मनींतील वीस हजार मुलांना त्या मर्यादेबाहेर आश्रय द्यावा असें एक विधेयक १९३९ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसपुढें आलें. तेंही मतास न टाकतांच बारगळलें.

म्हणजे कथेंतलें मूल उतरलें, आणि खऱ्या मुलांना उतरूं दिलें नाहीं. हें सत्य शेजारीं ठेवलें कीं ती चित्रकथा निराळीच दिसूं लागते. तिच्यांत एका समाजानें आपल्या नव्या देशाकडे केलेलें मूक मागणें आहे : पेटी उघडा, मूल उचला, तें तुमच्या उपयोगी पडेल.

नाझींनाही ह्या वीराचा वास लागला होता. १९४० च्या फेब्रुवारींत ‘लुक’ ह्या अमेरिकन नियतकालिकांत सीगेल-शुस्टरांनीं दोन पानांची एक कथा दिली. तींत सुपरमॅन हिटलर व स्टॅलिन ह्या दोघांना पकडून राष्ट्रसंघापुढें उभे करतो. एप्रिलांत एस. एस. ह्या नाझी संघटनेच्या मुखपत्रानें सीगेलच्या ज्यूपणावर घसरून त्याची टवाळी केली. चित्रांतल्या वीराची दखल खऱ्या जुलमी सत्तेनें घ्यावी, यापेक्षां त्याच्या गूढार्थाचा अधिक पुरावा तो कोणता?

तरीपण येथें एक सावधगिरी बाळगावी. ह्या वीराचें मूळ नांव काल-एल. आणि ‘एल’ म्हणजे हिब्रूंत देव, म्हणून निर्मात्यांनीं येथें धर्माचा गुप्त संकेत पेरला, असें मोठ्या विश्वासानें सांगण्यांत येतें. पण सीगेलच्या मूळ लेखनांत हीं नांवें केवळ ‘एल्’ ह्या एका इंग्रजी अक्षरानें संपतात. ‘एल’ हें रूप १९४२ च्या एका कादंबरींत आलें, आणि ती जॉर्ज लोथर ह्या दुसऱ्याच लेखकाची होती. चिन्हांचे अर्थ असे मागाहून चिकटतात. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यानें मुळचा रंग कोणता आणि नंतरचा लेप कोणता, हें नखानें खरवडून पाहावें.

पडद्यावर सुपरमॅन प्रथम आला तो १९४१ सालीं, व्यंगचित्रपटांतून. ते काढणाऱ्या कंपनीचा प्रमुख मॅक्स फ्लायशर हाही पोलंडांतल्या क्राकाव शहरीं जन्मलेला ज्यू. आरंभीच्या चित्रकथांत सुपरमॅन नुसत्या लांब उड्या मारी. पडद्यावर तो खरोखर उडूं लागला. पण उंच उडणाऱ्याचीही दृष्टि नेहमीं उदार असते असें नाहीं. डिसेंबर १९४१ मध्यें जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि १९४२ पासून अमेरिकेनें आपल्याच भूमीवरील सुमारें एक लक्ष वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलें. त्यांतले बहुसंख्य जन्मानें अमेरिकन नागरिक होते. त्याच वर्षीं सुपरमॅनच्या व्यंगचित्रपटमालेंतून जपानी घातपाती रंगविले गेले. १९४३ सालीं निघालेल्या बॅटमॅनच्या पंधरा भागांच्या चित्रपटांत तर खलनायक जपानी होता, आणि ओसाड पडलेली जपानी वस्ती दाखवितांना निवेदक सरकारच्या त्या कृत्याचें कौतुकच करीत होता.

हें मुद्दाम सांगितलें, कारण ह्याविना आपलें चित्र खोटें ठरेल. निर्वासितांच्या मुलांनीं घडविलेला मुखवटा दुसऱ्या निर्वासितांच्या मुलांवर उगारला गेला. त्या अन्यायाबद्दल अमेरिकेच्या सरकारनें क्षमा मागितली ती १९८८ सालीं, आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर भरपाई दिली. चित्रपटाला मात्र क्षमापत्र लिहितां येत नाहीं; तो जसा घेतला तसाच राहतो, साक्षीदारासारखा.

पण ह्याच वीरानें आपली चूक कांहीं अंशीं सुधारली, आणि ती नभोवाणीवर. १९४० पासून सुपरमॅनची श्रुतिकामाला चालू होती. तींत एकच नट क्लार्क केंटचे शब्द हलक्या, पातळ आवाजांत बोले, आणि रूप पालटण्याच्या क्षणीं त्याच वाक्यांत तो आवाज खोल व घनगंभीर होई. पडद्यावाचून, झग्यावाचून, केवळ कंठानें दोन जन्म दाखविण्याची ही किमया होती. १९४६ च्या जून-जुलैमध्यें ह्या मालेंत सोळा भागांची एक कथा झाली. शहरांत नव्यानें राहावयास आलेलें एक चिनी वंशाचें कुटुंब, मुलांच्या चेंडूफळीच्या संघांत निवडलेला त्यांचा मुलगा, आणि त्या कुटुंबाला हांकलून लावण्यासाठीं रात्रीं जळते क्रूस उभारणारी एक टोळी. ही टोळी म्हणजे कू क्लक्स क्लॅन, हें ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाला कळत होतें. तेथें सुपरमॅन त्या परक्या मुलाच्या दारांत उभा राहिला. माझ्या मतें तो आपल्या मूळ गांवीं परत आला असेल तर तो ह्या क्षणीं.

पुढच्या चित्रपटांनीं नवे लेप चढविले. १९७८ सालच्या रिचर्ड डॉनर यांच्या चित्रपटांत मार्लन ब्रँडोनें रंगविलेला पिता शुभ्र वस्त्रांत उभा राहून आपल्या एकुलत्या पुत्राला मानवांकडे धाडतो, आणि ख्रिस्ताची कथा डोळ्यांपुढें उभी राहते. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्यें नायक तेहतीस वर्षांचा आहे, आणि चर्चमधील प्रसंगांत त्याच्यामागें खिडकीच्या रंगीत कांचेंत येशू दिसतो, येथें तर संकेत लपविलेलाही नाहीं. ज्यू मुलांनीं घडविलेला वीर असा ख्रिस्ती झाला. ह्यांत कोणाचा अपराध नाहीं; लोकप्रिय चिन्ह प्रत्येक पिढी आपल्या देवघरांत नेते. आणि मूळ गोष्टही अगदींच विसरली गेली नाहीं. २००० सालच्या ‘एक्स-मेन’ चित्रपटाची सुरुवातच १९४४ सालच्या पोलंडांत, नाझी छावणीच्या दारापाशीं होते. पावसांत एका ज्यू मुलाला आईबापांपासून ओढून नेतात, आणि त्याच्या आक्रोशाबरोबर लोखंडी दार वांकूं लागतें. १९३८ सालीं जें चष्म्यामागें लपवावें लागलें, तें बासष्ट वर्षांनीं पहिल्याच दृश्यांत उघडें सांगतां आलें.

शेवटीं त्या दोन मित्रांचें काय झालें तें सांगतों. १९४७ सालीं त्यांनीं हक्कांसाठीं दावा लावला. १९४८ मध्यें तडजोड झाली आणि सुपरमॅनच्या कथांवरून त्यांचीं नांवें काढून टाकण्यांत आलीं. खरें नांव लपवून जगणाऱ्या वीराच्या जनकांचींच नांवें लपलीं! शुस्टरची दृष्टि मंदावली, दोघांनाही हलाखीचे दिवस आले. १९७५ सालीं सीगेलनें जाहीर तक्रार मांडली, चित्रकार-लेखकांनीं आवाज उठविला, आणि चित्रपट निघण्याच्या बेतांत असतांना कंपनीनें प्रत्येकीं वर्षाला वीस हजार डॉलरचें निवृत्तिवेतन व नांवांचा उल्लेख मान्य केला. १९७८ च्या त्या भव्य चित्रपटाच्या आरंभीं दोघांचीं नांवें पडद्यावर उमटलीं. शुस्टर १९९२ त वारला, सीगेल १९९६ त.

श्रोतेहो, आपल्या घरचीं मुलें असा एखादा चित्रपट पाहूं लागलीं म्हणजे त्यांना उडणाऱ्या वीराकडे खुशाल पाहूं द्यावें. तें त्यांचें वयच आहे. मात्र मध्यंतरांत एक प्रश्न त्यांना हळूच विचारावा : ह्या मुलाला घरांत कोणीं घेतलें? कर्णाच्या कथेंत राधेचें नांव जितकें मोठें, तितकेंच ह्या कथेंत त्या वृद्ध केंट दांपत्याचें. त्यांना उडतां येत नव्हतें. अनाथालयापर्यंत जाऊन ते परत फिरले, एवढाच त्यांचा पराक्रम. आणि १९३९ च्या उन्हाळ्यांत नेमका तेवढाच पराक्रम जगाला साधला नाहीं.